रिमोट दाबला, दिवा ढिम्म: घरगुती इन्फ्रारेड स्विचमधला बिघाड कसा शोधावा

टीएसओपी (रिमोटचा इन्फ्रारेड उजेड ओळखणारा रिसीव्हर), ४०१७ (स्पंद मोजणारी आयसी) आणि एक रिले (छोट्या विजेवर चालणारा स्विच) एवढ्यावर होणारा रिमोट स्विच हा इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्यांचा पहिला-दुसरा उद्योग असतो, आणि तो पहिल्या फटक्यात चालत नाही हेही जवळजवळ ठरलेलंच. मग टीएसओपी बदलला जातो, आयसी बदलली जाते, ट्रान्झिस्टर बदलले जातात, आणि शेवटी कळतं की ब्रेडबोर्डची (डाग न देता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीची) लाल पट्टी मधोमध तुटक होती. सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा संदेश कुठपर्यंत पोचतोय ते बघा. एसटी कुठल्या थांब्यापर्यंत आली ते कळलं, की पुढचा घाट कुठे बंद आहे ते वेगळं विचारावं लागत नाही. इथे थांबे पाच आहेत: रिमोट, डोळा म्हणजे टीएसओपी, ४०१७ची १४ नंबरची पिन, ४०१७च्या आउटपुटच्या पिना आणि रिले. दिवा त्यानंतर. आधीचे पाचही थांबे नीट होईपर्यंत २३० व्होल्टची वायर टेबलावरसुद्धा आणायची नाही.

सर्किट कोणतं धरलंय

नेटवर या स्विचच्या पन्नास आकृत्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अर्धवट आहेत. पुढचे सगळे आकडे या मांडणीला धरून दिले आहेत.

साहित्य: १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर (जुन्या राउटरचा चालतो). ७८०५ रेग्युलेटर (१२चे ५ व्होल्ट करणारा). टीएसओपी१७३८ किंवा त्या कुळातला ३८ किलोहर्ट्‌झचा रिसीव्हर. ट्रान्झिस्टर: बीसी५५७ एक, बीसी५४७ एक. सीडी४०१७ आणि तिच्यासाठी १६ पिनांचा सॉकेट. १२ व्होल्टचा रिले, निळ्या डबीचा, ज्यावर १० अँपिअर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. डायोड: १एन४००७ एक, १एन४१४८ दोन. रेझिस्टर: १०० ओहम, १के (म्हणजे १००० ओहम), ४.७के आणि ४७के प्रत्येकी एक. १०के आणि १००के प्रत्येकी दोन. कपॅसिटर: ०.१ मायक्रोफॅरडचे तीन, ४.७चे दोन, १०चा एक, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक. शिवाय तपासणीसाठी एक लाल एलईडी आणि आणखी एक १के. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं.

जोडणी: अ‍ॅडॉप्टरचे १२ व्होल्ट ७८०५च्या इनपुटला, तिथेच १०० मायक्रोफॅरड आणि ०.१. आउटपुटला ५ व्होल्ट, तिथे दुसरा ०.१. टीएसओपीला ५ व्होल्ट थेट द्यायचे नाहीत. १०० ओहममधून द्यायचे, आणि त्याच्या पायांना अगदी चिकटून ४.७ मायक्रोफॅरड पुरवठा आणि ग्राउंडमध्ये लावायचा. टीएसओपीचं आउटपुट १०केमधून बीसी५५७च्या बेसला. बेसपासून ४७के ५ व्होल्टला. एमिटर ५ व्होल्टला. कलेक्टर १केमधून ४०१७च्या पिन १४ला. पिन १४पासून ग्राउंडला दोन गोष्टी: ४.७ मायक्रोफॅरड (धन पाय पिनकडे) आणि १००के.

४०१७ची पिन १६ ५ व्होल्टला, पिन ८ ग्राउंडला, पिन १३ ग्राउंडला. पिन १६ आणि ८मध्ये तिसरा ०.१. पिन १५ म्हणजे रिसेट. तिथून १०के ग्राउंडला. पिन ४पासून एक १एन४१४८ पिन १५कडे, काळी पट्टी १५च्या बाजूला. दुसरा १एन४१४८ही तसाच पिन १५वर येतो, पण त्याची सुरुवात एका छोट्या जंक्शनपासून: ५ व्होल्टपासून १० मायक्रोफॅरड (धन पाय ५ व्होल्टला) त्या जंक्शनला, आणि जंक्शनपासून १००के ग्राउंडला. वीज आल्यावर हा कपॅसिटर क्षणभर रिसेट दाबून धरतो आणि दिवा बंद स्थितीतच सुरू होतो.

पिन २पासून ४.७के बीसी५४७च्या बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर रिलेच्या कॉइलच्या एका टोकाला, कॉइलचं दुसरं टोक १२ व्होल्टला. कॉइलवर १एन४००७ उलटा, चंदेरी पट्टी १२ व्होल्टकडे.

पाच व्होल्टचा रिले का नको? बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेची ५ व्होल्टची कॉइल सुमारे ७० ओहमची असते, म्हणजे ती ७० मिलीअँपिअर ओढते. बीसी५४७ची कमाल मर्यादाच १०० आहे, आणि ५ व्होल्टवर चालणारी ४०१७ त्याच्या बेसला जेमतेम एक-दोन मिलीअँपिअर देऊ शकते. रिले अर्धवट ओढला जातो, गुरगुरतो आणि वर टीएसओपीचा पुरवठाही हलवतो. बारा व्होल्टची कॉइल ४०० ओहमची. ३० मिलीअँपिअरमध्ये काम भागतं आणि ५ व्होल्टची लाइन शांत राहते. निम्म्या तक्रारी या एका बदलानेच मिटतात.

आधी पुरवठा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी प्रोब ग्राउंडला धरून ठेवा, लाल फिरवत जा. ७८०५च्या इनपुटला १२च्या आसपास, आउटपुटला ४.८ ते ५.२. त्यानंतर प्रोब रेग्युलेटरवर न ठेवता प्रत्येक भागाच्या पायावरच टेकवा: ४०१७ची पिन १६, बीसी५५७चा एमिटर, टीएसओपीचा पुरवठ्याचा पाय. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्या अनेकदा मध्यावर तुटलेल्या असतात. लाल रेघ तिथे खंडित दिसली तर तिथे जंपर टाकावाच लागतो.

७८०५ हाताला गरम लागला तर लगेच बंद करा. या सर्किटमध्ये त्याच्यातून दहा-पंधरा मिलीअँपिअरच जातात, तो थंडच राहायला हवा. गरम झाला म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ४०१७ उलटी बसलीय. मोठ्या ७८०५ऐवजी ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा छोटा ७८एल०५ घेतला असेल तर त्याचे पाय उलट्या क्रमाने आहेत हे लक्षात ठेवा: मोठ्याचं तोंड समोर धरलं तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट, छोट्याची सपाट बाजू समोर धरली तर आउटपुट, ग्राउंड, इनपुट.

पहिला थांबा: रिमोट

मोबाइलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा, बटण दाबा. स्क्रीनवर एलईडी जांभळट-पांढरी लुकलुकताना दिसते. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा. मागच्या कॅमेऱ्यांना बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. मंद दिसली तर सेल मोजा. १.५ व्होल्टचा सेल १.२च्या खाली गेला असेल तर बदला, आणि सेलच्या टोकांवरची हिरवी बुरशी पुसून काढा.

कॅमेऱ्यात एलईडी दिसली म्हणजे रिमोट उजेड पाडतोय एवढंच कळतं. तो ३८ किलोहर्ट्‌झवर पाडतोय की नाही ते कॅमेरा सांगत नाही. टीव्हीचे बहुतेक रिमोट ३६ ते ४० किलोहर्ट्‌झमध्ये असतात आणि ३८चा टीएसओपी ते सगळे पकडतो, फक्त ३६ आणि ४०ला पल्ला थोडा कमी पडतो. काही सेट-टॉप बॉक्सचे नवे रिमोट ब्लूटूथवर चालतात; त्यांच्यात या कामाचा उजेडच नसतो. एसीचा रिमोटही टाळा, त्याची भाषा लांबलचक असते आणि प्रत्येक दाबाला एसीचं तापमान बदलतं ते वेगळंच.

रिमोटही ५५५ (टायमर आयसी) वापरून घरीच केला असेल तर दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, कंपनसंख्या: १ नॅनोफॅरड, १के आणि १८के या किमतींनी हिशेबात ३८.९ किलोहर्ट्‌झ येते, पण कपॅसिटरची किंमत दहा टक्के इकडेतिकडे असली तर तेवढीच कंपनसंख्याही सरकते. म्हणून १८केच्या जागी २०केचा प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) लावा आणि टीएसओपी सर्वात लांबून कुठे पकडतो त्यावर तो जुळवा. दोन, सलग लहर. टीएसओपीला न थांबणारे ३८ किलोहर्ट्‌झ आवडत नाहीत. आतला भाग त्याला ट्यूबलाइटचा गोंधळ समजतो आणि कानावर हात ठेवतो. सुरुवातीला झुळूकभर प्रतिसाद, मग शांतता, हे त्याचं लक्षण. दुसऱ्या ५५५ने लहर तुकड्यातुकड्याने सोडावी: १ मिलिसेकंद चालू, १ बंद.

दुसरा थांबा: टीएसओपी

इथे सर्वात जास्त माणसं अडकतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाय. टीएसओपी१७३८चा फुगीर डोळा तुमच्याकडे केला तर डावीकडून ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. पण १७३८चं उत्पादन कधीच थांबलंय. दुकानदार ‘१७३८’ म्हणून जो हातात ठेवतो तो पुष्कळदा व्हीएस१८३८बी किंवा टीएसओपी३८२३८ असतो, आणि या दोघांचा क्रम डावीकडून आउटपुट, ग्राउंड, पुरवठा असा आहे. जुन्या आकृतीप्रमाणे लावला की ग्राउंडच्या पायावर ५ व्होल्ट जातात. काही तग धरतात, काही तापून जातात. पाठीवरचा नंबर भिंगाने वाचा, त्याच नंबरची डेटाशीट काढा. दुकानदाराच्या शब्दावर पाय लावू नका.

आता एलईडीची युक्ती. लाल एलईडीचा लांब पाय ५ व्होल्टला, आखूड पाय १केमधून टीएसओपीच्या आउटपुटला. टीएसओपी निवांत असताना आउटपुट ५ व्होल्टजवळ असतं, एलईडी बंद. रिमोट दाबला की आउटपुट खाली आपटतं आणि एलईडी भराभर लुकलुकते. तीन मिलीअँपिअरचा भार त्याला झेपतो. ही एलईडी कायमची ठेवली तरी चालेल. पुढे महिन्यांनी काही बिनसलं की अर्धं निदान तीच करते.

मीटरने बघायचं तर निवांत अवस्थेत ४.८ ते ५, आणि बटण दाबल्यावर आकडा थरथरत खाली येतो. शून्यावर जाण्याची वाट बघू नका. संदेशात चालू-बंद तुकडे मिलिसेकंदांचे असतात, मीटर त्यांची सरासरी दाखवतो.

एलईडी रिमोट न दाबताच लुकलुकत असेल तर खोलीतला उजेड बघा. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब आणि सीएफएल यांचा उजेड सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि त्यातला इन्फ्रारेड भाग टीएसओपीला रिमोटसारखा भासतो. दिवे बंद करा. लुकलुक थांबली तर चोर सापडला. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर उलटं होतं: डोळा दिपतो आणि पल्ला हातभर उरतो. दोन्हींवर उपाय एकच, काळ्या हीटश्रिंक नळीचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा डोळ्यावर टोपीसारखा, तोंड रिमोटच्या दिशेला. एलईडी अंधारातही लुकलुकली तर १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड तपासा. कपॅसिटर आहे, पण चार इंच लांब लावलाय, हे नेहमीचं.

तिसरा थांबा: पिन १४

या सर्किटची खरी अक्कल इथे आहे. रिमोट एका दाबात पन्नासेक स्पंद सोडतो आणि ४०१७ प्रत्येक चढत्या कडेला एक मोजते. ते तसेच दिले तर दिवा कुठे थांबेल ते लॉटरीसारखं. म्हणून १के, ४.७ मायक्रोफॅरड आणि १००के मिळून त्या सगळ्या स्पंदांचं एकच ढेकूळ करतात. टीएसओपीचं आउटपुट खाली गेलं की बीसी५५७ चालू होतो, कपॅसिटर १केमधून चार-पाच मिलिसेकंदांत बराचसा भरतो. मधल्या पोकळ्यांत तो फक्त १००केमधून रिकामा होऊ शकतो आणि त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. बटण दाबून धरलं तरी बहुतेक रिमोट दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास संदेश पुन्हा पाठवतात, म्हणजे कपॅसिटर रिकामा व्हायच्या आत परत भरतो. पिन १४ एकदा वर जाते आणि बोट सुटेपर्यंत वरच राहते.

मीटर पिन १४वर. निवांत: ०.१पेक्षा कमी. बटण दाबलं: ४च्या वर उडी. सोडलं: सेकंदाच्या आत परत खाली. तसं होत नसेल तर पुढची लक्षणं जुळवा.

बटण दाबून धरल्यावर दिवा सेकंदाला नऊ-दहा वेळा चालू-बंद होतो: ४.७च्या जागी ०.४७ मायक्रोफॅरड लागलाय, किंवा १००केच्या जागी १०के. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १००के, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १०के. रात्रीच्या पिवळट उजेडात हे दोन रंग भावंडांसारखे दिसतात, तेव्हा बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजा. उलट, बटण सेकंदभर दाबून धरावं लागतं आणि त्यानंतर पाच सेकंद काहीच होत नाही: ४७ मायक्रोफॅरड लागलाय. पिन १४ कायम ५वर चिकटून: बीसी५५७चे पाय चुकलेत, किंवा टीएसओपीचं आउटपुटच खाली बसलंय. बीसी५५७ आणि बीसी५४७ दोघांचाही क्रम सपाट बाजू समोर धरून कलेक्टर, बेस, एमिटर असा आहे. त्यांच्या जागी दुसरा कुठला ट्रान्झिस्टर टाकला असेल तर क्रम नव्याने बघा. आणि हे दोघे एकमेकांच्या जागी बसतात तेव्हाही काहीच चालत नाही. अक्षरं बारीक असतात, अदलाबदल सहज होते.

अर्ध्या सेकंदाच्या आत दोनदा दाबलं तर एकच दाब मोजला जातो. हा बिघाड नव्हे.

चौथा थांबा: पिन २ आणि पिन ३

सुरुवातीला पिन ३ वर (५ व्होल्टजवळ), पिन २ खाली (शून्याजवळ). एका दाबाने पिन २ वर. पुढच्या दाबाला क्षणभर पिन ४ वर जाते, डायोडमधून रिसेट होतं आणि पिन ३ पुन्हा वर येते. ४०१७च्या आउटपुटचा क्रम पिनांच्या क्रमाने जात नाही: शून्यापासून मोजलं तर ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. म्हणून चुका ठरावीक असतात आणि लक्षणावरून ओळखता येतात. दिवा दहा दाबांत एकदाच लागतो? रिसेटचा डायोड उलटा किंवा सुटलेला आहे, काउंटर पूर्ण दहाचा फेरा मारतोय. तीन दाबांत एकदा लागतो? डायोड पिन ४ऐवजी पिन ७वर लागलाय. पिन ३ कायम वर, काहीही दाबा? पिन १५ वर अडकलीय. तिथला १०के ग्राउंडपर्यंत पोचलेला नाही.

सर्वात गमतीचा प्रकार पिन १३चा. ती ग्राउंडला जोडायची राहून गेली तर सर्किट कधी चालतं, कधी नाही. बोट आयसीजवळ नेलं की चालतं, हात काढला की बंद. सीमॉस आयसीची मोकळी पिन हवेतला ५० हर्ट्‌झ पकडते. असं भुताटकीसारखं वागणं दिसलं की आधी १३, मग १५, मग ८ तपासा. एका दाबाला कधी एक, कधी दोन मोजले जात असतील तर पिन १६ आणि ८मधला ०.१ मायक्रोफॅरड राहिलाय.

पाचवा थांबा: रिले

पिन २ वर असताना बीसी५४७च्या बेसला ०.७ व्होल्ट, कलेक्टरला जवळजवळ शून्य. पिन २ खाली असताना कलेक्टरला १२. पिन २ वर असूनही कलेक्टर १२वरच: एमिटर ग्राउंडला नाही किंवा ट्रान्झिस्टर गेला. कलेक्टर दोन्ही वेळा शून्य: कॉइलपर्यंत १२ व्होल्ट येत नाहीत, नाहीतर कॉइल तुटलीय. पुरवठा काढून कॉइल मोजा, ४००च्या आसपास ओहम दिसायला हवेत. ७० दिसले तर तो ५ व्होल्टचा रिले आहे. हा रिले ब्रेडबोर्डमध्ये नीट बसत नाही. दाबून बसवण्यापेक्षा पायांना वायरी डागून घ्या.

पाच पायांच्या निळ्या रिलेत एका बाजूला तीन पाय असतात: कडेचे दोन कॉइलचे आणि मधला कॉमन. समोरच्या बाजूचे दोन म्हणजे एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी जोडलेला), त्यांची जागा डबीवरच्या आकृतीवरून ओळखा. डायोडची पट्टी १२ व्होल्टऐवजी कलेक्टरकडे लावली तर पहिल्याच दाबाला १२ व्होल्ट सरळ डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून जातात. बीसी५४७ जागच्या जागी संपतो. डायोड लावलाच नाही तर तो काही दिवसांनी संपतो, आणि तोवर रिले सुटताना उठणाऱ्या झटक्याने काउंटर मधूनच एक जास्त मोजतो.

आता मीटर बीपवर, प्रोब कॉमन आणि एनओवर. वीस वेळा रिमोट दाबा. वीस वेळा टक्, एकाआड एक बीप. एकही चुकला तर मागे फिरा.

दिवा जोडताना

बोर्डचं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून टेबलावर ठेवा. फेज आधी १ अँपिअरच्या फ्यूजमधून, मग रिलेच्या कॉमनला, एनओपासून होल्डरला, न्यूट्रल होल्डरला थेट. झीरो पीसीबीवर (भोकाभोकांच्या तयार पाटीवर) डागलं असेल तर रिलेच्या संपर्कांभोवतीची तांब्याची टिकली-पट्टी खरवडून काढा, २३० आणि १२ व्होल्टच्या भागांत किमान ६ मिलिमीटर मोकळी जागा राहू द्या. डबा प्लॅस्टिकचा, वायरला आत गाठ किंवा क्लॅम्प, म्हणजे ओढली तरी सांध्यावर ताण येत नाही. पहिल्यांदा वीज देताना डबा बंद असावा आणि हात बाहेर. घरात आरसीसीबी (गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच हे करावं, आणि तारा ओळखता येत नसतील तर एवढा भाग वायरमनकडून जोडून घ्यावा.

दोन पिनांचा प्लग लावू नका. तो उलटा बसला की रिले फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. दिवा ‘बंद’ दिसतो पण होल्डर जिवंत राहतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये, अर्थिंगचं मोठं भोक वर धरून समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज असायला हवा. जुन्या घरांत तो डावीकडे सापडतो, म्हणून टेस्टरने खात्री करा.

चालतो, पण…

बंद केल्यावर एलईडी बल्ब मंद पेटलेला राहतो. पहिलं कारण वर आलंच: न्यूट्रल तुटतोय. दुसरं, रिलेच्या संपर्कांवरची ठिणगी विझवायला कुणीतरी ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमची जोडी लावलीय. संपर्क उघडे असले तरी ५० हर्ट्‌झवर त्या कपॅसिटरमधून सुमारे ७ मिलीअँपिअर गळतात आणि ९ वॅटच्या बल्बला तेवढे लुकलुकायला पुरतात. एका एलईडी बल्बसाठी त्या जोडीची गरज नाही, काढून टाका.

रिले टक् करतो, पण दिवा बंदच होत नाही. संपर्क चिकटलेत. एलईडी बल्बच्या आत कपॅसिटर असतो, चालू होताना तो क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. एकावर तीन-चार बल्ब टाकले की स्वस्त रिलेचे संपर्क डागले जातात. प्लग काढून कॉमन-एनओवर बीप बघा. रिले बदला, डबीला टिचकी मारून सुटलेला रिले परत चिकटणार.

दिवा लागतो आणि लगेच आपोआप विझतो, मग पुन्हा लागतो. हा सीएफएलचा खेळ. दिवा पेटला की त्याचा थरथरता उजेड टीएसओपीवर पडतो, टीएसओपी त्याला रिमोट समजतो, दिवा विझतो. डोळा दिव्याच्या छायेत फिरवा किंवा एलईडी बल्ब लावा. एलईडी बल्बनेही असं होत असेल तर दोष उजेडाचा नाही, बल्बमधल्या ड्रायव्हरचा गोंगाट वायरीतून येतोय: टीएसओपीच्या वायरी २३०च्या वायरीला समांतर जात असतील तर वेगळ्या करा, १५ सेंटिमीटरपेक्षा लांब असतील तर पीळ घालून आखूड करा.

मिक्सर किंवा फ्रिज चालू होताना दिवा बदलतो: हाही पुरवठ्यातून आलेला झटका. ७८०५च्या दोन्ही बाजूंचे ०.१ जागेवर आहेत का ते बघा, आणि अ‍ॅडॉप्टर दुसरा लावून पाहा.

वीज गेली आणि रात्री दोनला आली तर दिवा पेटलेला असतो: रिसेटचा १० मायक्रोफॅरड सुटलाय किंवा त्याच्या डायोडची पट्टी चुकीच्या बाजूला आहे. हा भाग गाळून केलेल्या आकृत्यांत ४०१७ वाटेल त्या आकड्यावर उठते.

टीव्हीचा आवाज वाढवला की दिवा बदलतो. याला या सर्किटमध्ये इलाज नाही. ४०१७ला संदेशाचा अर्थ कळत नाही, तिला फक्त ‘काहीतरी आलं’ एवढंच कळतं. ठरावीक बटणच हवं असेल तर टीएसओपीनंतरचा सगळा भाग काढून आर्डुइनो नॅनो (कार्यक्रम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) लावावा लागतो. तिथे नवख्यांना अडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या: रिमोटचे संदेश वाचणाऱ्या आयआररिमोट लायब्ररीची तिसरी आवृत्ती आल्यापासून जुने कार्यक्रम जसेच्या तसे चालत नाहीत, ऊनो-नॅनोवर ती लायब्ररी टायमर २ वापरते, त्यामुळे टोन फंक्शन आणि ३ व ११ नंबरच्या पिनांचं पीडब्ल्यूएम बिघडतं, आणि बटण दाबून धरल्यावर येणारे पुनरावृत्तीचे संदेश गाळले नाहीत तर दिवा पुन्हा तसाच फडफडतो. तयार रिले मॉड्यूल घेतलं तर त्यातली बरीच मॉड्यूल इनपुटची पिन खाली (लो) गेल्यावर चालू होतात, म्हणून दिवा नेमका उलटा वागतो. कार्यक्रमात हाय आणि लो यांची अदलाबदल केली की झालं.

आणखी एक आकृती फार फिरते: अ‍ॅडॉप्टर नाही, ०.४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कपॅसिटर सरळ मेन्सला आणि पुढे झेनर (व्होल्टेज आवरणारा डायोड). स्वस्त आणि आटोपशीर दिसते म्हणून मोह होतो. तिच्यात ग्राउंडसकट प्रत्येक बिंदू फेजला जोडलेला असू शकतो. वर सांगितलेली एकही तपासणी, साधा मीटर लावणंसुद्धा, त्या बोर्डवर सुरक्षित नाही. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप लावली तर फेज सरळ अर्थिंगला शॉर्ट होऊ शकतो. असा बोर्ड हातात असेल तर त्याचा पुरवठ्याचा भाग काढून टाका, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जोडा आणि मग पहिल्या थांब्यापासून सुरू करा.